चार आण्यांचा नफा

मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी माळ्यावरून जुनी ट्रंक काढली, तेव्हा तिकिटांचा आल्बम आणि हिशेबाची वही हाती लागली. वहीच्या पहिल्या पानावर मी 'जयभीम' आणि त्याखाली 'भांडवल ३ रु.' असे लिहिले होते. साल १९९१. मी तेव्हा सातवीत होतो.

अंधेरी पूर्वेला मरोळ पाइपलाइनलगत आमची वस्ती. अण्णा सीप्झमध्ये ठेकेदाराकडे सफाईकाम करीत. तेथून माल परदेशी जाई, म्हणून परदेशी पत्रेही पुष्कळ येत. अण्णांनी साहेबांना विचारून कचऱ्याच्या टोपलीतली रिकामी पाकिटे घरी आणायला सुरुवात केली. तिकिटाभोवतीचा कागद कापायचा, पाण्यात भिजवायचा, डिंक सुटला की तिकीट वर्तमानपत्रावर पालथे घालायचे. आईची परात त्या कामी लागे आणि ती ओरडे.

आई जवळच्या सोसायटीत तीन घरची धुणीभांडी करी. सुट्टीत मी तिच्यासोबत जाई व जिन्यात बसे. तेथल्या मुलांना तिकिटांचा नाद होता. चार आण्याला एक, किंवा तीन जपानीला एक भूतान, असा आमचा बाजार. धंद्यातली खुबी मला लवकर कळली. 'हेल्व्हेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड आणि 'माग्यार पोस्टा' म्हणजे हंगेरी, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. इंग्लंडच्या तिकिटावर तर देशाचे नावच नसे, तेव्हा राणीचे मस्तक तेवढे असे. बिननावाची म्हणून ती तिकिटे ती मुले फुकट देत. मी ती दुसऱ्या इमारतीत नाव सांगून विकी. (आमच्या गुरुजींनी दिलेल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकाची ही कमाई!) दोन महिन्यांत तीनाचे तेवीस रुपये झाले.

त्या वर्षी बाबासाहेबांची जन्मशताब्दी होती. १४ एप्रिलला त्यांचे एक रुपयाचे तिकीट निघाले. त्याआधी १९६६ साली १५ पैशांचे निघाले होते, ते मी वस्तीतल्या एका काकांकडे पाहिले होते. मी पोस्टातून बारा तिकिटे घेतली. नवे कोरे तिकीट, सव्वा रुपयाला हातोहात जाईल, असा माझा अंदाज.

जिन्यात मुलांनी ते पाहिले. एकाने आजीला दाखवायला नेले. आजी दारात आली. "तुम्ही जयभीमवाले का रे?" तिने विचारले. मी अभिमानाने हो म्हणालो. तिने तिकीट हातात न देता पायरीवर ठेवले व मुलांना आत बोलावले. दुसऱ्या दिवशी कोणी आल्बम घेऊन खाली आले नाही. त्यानंतरही नाही. महिनाअखेर त्या घरचे आईचे काम सुटले. कारण कोणी सांगितले नाही. आई मला कधी बोलली नाही, पण मी तिला विचारले, "तिकीट नसतं दाखवलं तर?"

ती म्हणाली, "मग काय, बाबासाहेबांना खिशात लपवून धंदा करणार होतास?"

पुढे कॉलेजात असताना वाचले की, बडोद्याहून अपमानित होऊन मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनीही शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. पुढे १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. ते पान वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

पण ती बारा तिकिटे? बुद्धपौर्णिमेला मी ती पुठ्ठ्यावर लावून विहाराबाहेर बसलो. वंदना संपायच्या आत अकरा खपली. बारावे मी स्वतःला ठेवले. कोणी पाकिटाला लावण्यासाठी घेतले नाही. घरच्या तसबिरीच्या काचेत खोचायला सर्वांनी नेले. अण्णांना हे कळले तेव्हा ते संतापले. "आपल्याच माणसांकडून बाबासाहेबांच्या नावावर नफा खातोस?" त्यांनी मला दारोदार फिरवून प्रत्येकाचे चार आणे परत करायला लावले.

दहा घरांनी पैसे घेतले. अकरावी एक म्हातारी, नाक्यावर भाजी विकणारी. तिने अण्णांनाच फैलावर घेतले. "पोरगं पोस्टात रांगेला उभं राहिलं, उन्हात बसलं. ही त्याची मजुरी हाय. मी काय जुडी घेतल्या भावात विकते व्हय?" अण्णा काही बोलले नाहीत. मला मात्र म्हातारीचेच पटले, आजही पटते.

वहीत त्या तारखेपुढे लिहिले आहे: तिकिटे ११, नफा ४ आणे. खाली अण्णांची सही आहे.