आमचाही एक तंबोरा

मिरजेला माणूस दोन कारणांनी येतो : डॉक्टरला दाखवायला, नाही तर गाडी बदलायला. मी तिसऱ्या कारणानं आलो. बँकेनं बदली केली. ऑर्डर पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "बरं झालं, तुमचं पित्त एकदा दाखवून घेऊ." मी म्हटलं, "अगं, ते संगीताचं गाव आहे!" पित्त डोक्यात गेलं की माणूस असंच बोलतो, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं.

संगीताचं गाव ही थाप नव्हे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं आणि 1937 साली ते गेल्यावर इथल्याच मातीत विसावले. विष्णु दिगंबर पलुसकर इथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 साली त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं ते थेट लाहोरला. (आमच्या पोटात मिरज म्हटल्यावरच गोळा आला होता.) पण ही सगळी जुन्या खात्यातली शिल्लक. गावकऱ्याला संगीताचं विचारलं की त्याची छाती फुगते आणि "शेवटचं कधी ऐकलंत?" म्हटलं की तीच छाती हळूच आत जाते. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, त्याला तिकीटसुद्धा नाही. आमचे हेडक्लार्क जन्मापासून मिरजेत. म्हणाले, "फुकट आहे ना? मग कधीही जाता येईल."

तेव्हा कान टवकारून मीच निघालो आणि सतारमेकर गल्लीत पोचलो. दुकानादुकानांतून भोपळे टांगलेले. शाळेत गणिताच्या पेपरावर मी इतके भोपळे मिळवले होते, पण त्यांतून सूर निघतो हे कुणी सांगितलं नव्हतं! पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून ते येतात. भाजीचे नव्हेत, हा भोपळा वाळवून ठेवायचा आणि कापायची पाळी आली की हात थरथरता कामा नये.

एका दुकानात म्हातारे कारागीर घोडी घासत बसले होते. मी रोज संध्याकाळी तिथं जाऊ लागलो. चाचा एकदा कानस मारीत, तार छेडून ऐकत, पुन्हा कानस मारीत. तारेखाली सुताचा दोरा घालून केसभर पुढं, केसभर मागं सरकवीत. मग एका क्षणी ती मुकी तार अशी काही खुलायची, की दिवसभर व्हाउचरं पाहिलेल्या डोळ्यांना पाणी यावं. याला म्हणतात जवारी. हे मोजायला यंत्र नाही, कानच लागतो. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. चाचा पेढा खात म्हणाले, "कागद चांगला आहे की साहेब. पण मोबाइलात तंबोरा फुकट वाजतोय, त्याला काय करावं?"

एके दिवशी त्यांनी मुलाला पुढं घातलं. "तुम्ही बँकेतले. पोराला परीक्षेचं जरा सांगा. एकदा बँकेत लागला म्हणजे सुटला."

ज्या नोकरीतून सुटून मी तासभर त्या दुकानात येत होतो, तिथं हा मुलगा शिरणार! बी. कॉम. झालेला, गणित चांगलं. आणि कान? माझ्याशी चक्रवाढ व्याजावर बोलता बोलता त्यानं मागच्या खोलीतला षड्ज उतरलेला ओळखला आणि उठून खुंटी पिळून आला. चाचांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

त्याला "जाऊ नकोस" म्हणायला मी कोण? माझा पगार एक तारखेला होतो. चाचांचा, तंबोरा खपेल त्या तारखेला. मी त्याला पुस्तकं दिली. आणि त्याच बैठकीत एका तंबोऱ्याची ऑर्डरही दिली. आगाऊ रक्कम मोजताना अट घातली, "जवारी मात्र ह्यानंच काढायची."

"काय गाता व्हय साहेब?"

"नाही."

"मग बाईसाहेब?"

बाईसाहेब त्या रात्री गायल्या, पण त्याला तंबोऱ्याची साथ लागत नाही. रक्कम ऐकून आधी त्यांना धाप लागली, मग म्हणाल्या, "ठेवणार कुठं? कपाटापाशी पित्ताच्या औषधांचा खोका आहे." मी म्हटलं, खोका हलवू.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. भोपळा मी निवडून ठेवलाय, चांगला मोठा. चाचा म्हणतात, घाई करू नका. मला कुठं घाई आहे? मी रोज जाऊन विचारतो, "काम कुठवर आलं?" मुलगा व्याजाची गणितं बाजूला सारतो आणि दांडीवर हात फिरवून सांगतो, "अजून वेळ आहे, साहेब."