निवडणें

निवड करण्याचा अधिकार ज्यास मुळींच नसतो, त्याचा निवडीविषयींचा उत्साह मात्र विलक्षण असतो. शेजाऱ्याच्या मुलीसाठीं आलेल्या दोन स्थळांपैकीं कोणतें पत्करावें, याविषयीं त्या शेजाऱ्यापेक्षां आम्हीच अधिक ठामपणें बोललों होतों, हें आम्हांस चांगलें स्मरतें. हाच उत्साह २०१७ सालच्या जुलै महिन्यांत आम्हीं फुटबॉलच्या कामीं लावला. आमच्या मतावांचून कोणाचें अडलें नव्हतें. परंतु मत तयार होतें.

आम्ही अंधेरीचे. आमच्या लहानपणीं फुटबॉलचा सामना पाहावयाचा म्हणजे वडिलांचें बोट धरून लोकलनें चर्चगेटला उतरावें आणि कूपरेजच्या मैदानाकडे चालूं लागावें, असा क्रम होता. १८९१ सालीं सुरू झालेल्या रोव्हर्स करंडकाचे सामने तेथें होत. उपनगरांतल्या माणसानें टाळ्या वाजवाव्या आणि परतीच्या गाडीची चिंता करावी, एवढाच त्याचा फुटबॉलशीं संबंध. पुढें २०१४ सालीं इंडियन सुपर लीग निघाली, मुंबई सिटी हा संघ जन्मास आला, आणि पहिलीं दोन वर्षें नव्या मुंबईंत खेळून २०१६ सालीं तो चक्क आमच्या दारीं येऊन उभा राहिला. वीरा देसाई रस्त्याजवळच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलांत सामना असला कीं तेथला कल्लोळ आमच्या गच्चीपर्यंत ऐकूं येई. घरांतल्या पडद्यावर गोल दिसण्यापूर्वींच तो आम्हांस कानांनीं कळे. इतक्या जवळच्या संघाविषयीं आपुलकी न वाटती तरच नवल!

२०१७ सालीं बंगलोर आणि जमशेदपूर हे दोन संघ लीगमध्यें नव्यानें आले, आणि भारतीय खेळाडूंची पुन्हां वांटणी करण्याचें ठरलें. जुन्या संघांनीं आपले मोजके गडी राखून ठेवावे व बाकीच्यांची निवड २३ जुलै रोजीं मुंबईंत व्हावी, अशी योजना होती. हा लिलाव नव्हे. लिलाव २०१५ सालीं झाला होता, आणि त्यांत मुंबईनें सुनील छेत्रीला १ कोटी २० लाख रुपयांना घेतलें होतें. येथें प्रत्येकाची किंमत अगोदरच ठरलेली. दहा संघांनीं पाळीपाळीनें एकेक नांव पुकारावयाचें, आणि पुकारलें कीं तो गडी त्यांचा. या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. लहानपणीं दोन राजे समोरासमोर उभे राहून भिडू मागून घेत, त्याचेंच हें श्रीमंत रूप.

तो दिवस रविवारचा आणि दिव्यांच्या अमावास्येचा. सौभाग्यवतींनीं घरांतल्या समया, निरांजनें आणि लामणदिवा चिंचेनें घासून पाटावर मांडले होते. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. दिवाणखान्यांत आमची निवडसमिति बसली होती. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर, तिसऱ्या मजल्यावरचे बँकेंतले गृहस्थ आणि आम्ही, असे तिचे तीन सभासद. मास्तरांचें तत्त्व असें कीं घराला आधीं भिंती, मग खिडक्या; तेव्हां प्रथम बचावाचे गडी घ्यावे. बँकवाल्यांनीं एक वही आंखून आणली होती, व तींत नांव, वय, उंची आणि किंमत असे रकाने पाडले होते. आम्ही गोल मारणारांचे पक्षपाती. बलवंतसिंग मिळाला पाहिजे, हा आमचा हेका होता.

"हा नको, याचा गुडघा दुखावलेला आहे."

"हाही नको. सत्ताविसाव्या वर्षीं आतां काय नवें शिकणार?"

"उंची कमी. खोडा."

अशीं नांवांवर नांवें खोडलीं जात होतीं. मास्तरांनीं मध्येंच राहुल भेके याचें नांव काढलें. हा मुंबईचाच मुलगा. मुंबई एफसी या जुन्या संघाकडून खेळून पुढें कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेलेला. "आपला आहे खरा, पण..." असें आम्ही म्हणालों. त्या 'पण'च्या पुढें आमच्या मनांत काय होतें, हें आज आम्हांसच आठवत नाहीं. बँकवाल्यांनीं रकान्यांत एक फुली मारली.

इतक्यांत सौभाग्यवती तांदळाचें सूप घेऊन बाहेर आल्या. "एवढें निवडण्याचें अंगांत आलें आहे, तर हे निवडा!" असें म्हणून त्यांनीं तें आमच्यापुढें ठेवलें. आम्ही हसलों, आणि सूप उचललें आमच्या भाच्यानें.

भाचा मुलुंडचा, वय सतरा, कॉलेजसाठीं आमच्याकडे राहिलेला. चेंडू पायाशीं असला कीं जेवणाची शुद्ध नसे. महिन्यापूर्वींच तो एका संघाच्या कुमार तुकडीच्या चाचणीला जाऊन आला होता. तीन दिवस मुलें खेळलीं, आणि चौथ्या दिवशीं फाटकावर यादी लागली. त्यानें ती वरून खालीं वाचली. मग, एखादें नांव वाचतांना सुटलें असेल म्हणून, खालून वर वाचली. घरीं येऊन त्यानें बूट धुऊन गच्चींत वाळत ठेवले आणि तो विषय पुन्हां काढला नाहीं. आम्हीही काढला नाहीं. आणि आमच्या न काढण्याला आम्ही मोठा समजूतदारपणा समजत होतों.

तो कोपऱ्यांत बसून तांदूळ निवडीत होता. बऱ्याच वेळानें मान वर न करतांच त्यानें विचारलें, "मामा, ज्याचें नांव शेवटपर्यंत कोणीच पुकारीत नाहीं, त्याला तें कोण सांगतें?"

समितीचे तिन्ही सभासद गप्प झाले. बँकवाल्यांनीं वही मिटली. मास्तरांनीं आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलेलीं. त्यांनींही खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलें.

पुढें बातम्या येऊं लागल्या. जमशेदपूरनें अनस एदाथोडिका या बचावाच्या गड्याला १ कोटी १० लाखांना घेतलें, तेव्हां मास्तरांचें तत्त्व खरें ठरलें. बलवंतसिंगचें नांव मुंबईनें पुकारलें, तेव्हां आमचा हेका पुरा झाला. लांबच लांब थ्रो फेंकणारा मुंबईकर राजू गायकवाडही मुंबईला मिळाला. भेके बंगलोरला गेला. परंतु सकाळची ती चढाओढ आतां कोणाच्याच आवाजांत उरली नव्हती.

त्या रात्रीं दिव्यांची पूजा झाल्यावर सुपांतला तो स्वच्छ तांदूळ पाहून आमच्या मनांत आलें, भाषेनें या दोन कामांना एकच शब्द कसा दिला? तांदूळ निवडावयाचे म्हणजे दहा-वीस खडे तेवढे वेंचून बाजूला टाकावयाचे आणि बाकी सगळे ठेवावयाचे. माणसें निवडावयाचीं म्हणजे दहा-वीस वेंचून ठेवावयाचीं आणि बाकी सगळीं टाकावयाचीं. संघाला अकरांपेक्षां अधिक गडी एका वेळीं मैदानांत उतरवितां येत नाहींत, हें खरें. तेव्हां निवड करणारांचा यांत दोष नाहीं. दोष असला तर आमचा. निवडीची जबाबदारी आमच्यावर नव्हती. नाकारण्याची चैन तेवढी आम्हीं केली होती.

पुढें दोन वर्षांनीं, १७ मार्च २०१९ रोजीं, लीगचा अंतिम सामना अंधेरीलाच झाला. बंगलोर आणि गोवा समोरासमोर. भाच्याला घेऊन आम्ही गेलों. नव्वद मिनिटांत गोल नाहीं. जादा वेळ सुरू झाला. गोव्याचा एक गडी बाहेर काढला गेला. तरीही गोल नाहीं. आतां पेनल्टींवर निकाल लागणार असें आम्ही म्हणतों आहों, तोंच ११७ व्या मिनिटाला बंगलोरला कॉर्नर मिळाला. चेंडू हवेंतून आला, गर्दींतून एक डोकें वर उठलें, आणि जाळें हाललें. सामन्याचा तो एकुलता एक गोल. करणारा राहुल भेके.

भाचा आमच्याकडे वळून म्हणाला, "मामा, बँकवाल्या काकांच्या वहींत फुली कोणत्या पानावर आहे हो?"

त्या प्रश्नांत डंख नव्हता, ही त्याची थोरवी. पुढें २०२१ सालीं हाच भेके मुंबईकडे आला. ११ एप्रिल २०२२ रोजीं रियाधला त्याच्याच हेडरनें मुंबईनें इराकच्या एअर फोर्स क्लबला हरविलें. आशियाच्या चँपियन्स लीगमधला कोणाही भारतीय संघाचा तो पहिला विजय. आणि ४ मे २०२४ रोजीं कलकत्त्यांत मोहन बागानला ३-१ असें हरवून मुंबईनें चषक जिंकला, तेव्हां तो उचलणारा कर्णधार तोच होता.

गोष्ट येथें संपविली तर ती फार गोड होईल, आणि खोटीही. वहींत फुली बसलेल्या प्रत्येकाला एक ना एक दिवस कॉर्नर मिळतोच असें नाहीं. आमच्या भाच्याला तो मिळाला नाहीं. पुढें त्यानें चाचण्यांना जाणें सोडलें, पदवी घेतली, नोकरी धरली. ड्राफ्टची ती पद्धतही २०१७ नंतर राहिली नाहीं. संघ आपापले करार आपण करूं लागले. आमची समिति मात्र अद्याप बसते. फक्त 'खोडा' हा शब्द आतां कोणी उच्चारीत नाहीं.

रविवारीं सकाळीं भाचा मुलुंडच्या एका मैदानांत लहान मुलांना फुटबॉल शिकवितो. एकदां त्यानें आम्हांस विचारलें, "तुमच्या वेळीं भिडू कसे पाडीत?" राजांनीं मागून घेण्याची रीत आम्हीं सांगितली, तिच्याहून जुनी दुसरीही सांगितली. सारख्या ताकदीच्या दोघांनीं गळ्यांत गळा घालून दूर जावें, गुपचूप नांवें घ्यावीं, आणि परत येऊन राजाला विचारावें, "चंद्र घेतोस कीं सूर्य?" राजा नांव मागतो, मुलगा त्याला आपोआप मिळतो. शेवटीं उरला असा कोणी राहत नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही तें पाहावयास गेलों. मुलें जोड्या करून दूर गेलीं आणि हसत परत आलीं. मुलें विषम होतीं. एक किडकिडा पोरगा एकटाच उरून बुटाची नाडी उगीच सोडीत-बांधीत उभा होता. भाच्यानें त्याच्या गळ्यांत हात टाकला, दोघे दूर गेले, कुजबुजले, आणि परत आले.

"चंद्र कीं सूर्य?"

"सूर्य!" राजा ओरडला.

तो पोरगा सूर्य होता. तो धांवत राजाकडे गेला. आणि आमचा भाचा, पुन्हां एकदां न निवडलेला, हसत हसत दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.