काकडी काढतांना

वेलावरची काकडी शोधण्याचेंहि एक शास्त्र आहे, हें मला चाळिशी उलटल्यावर कळलें. मंडईंतली काकडी टोपलींत आपण होऊन समोर येते. परसांतली हिरव्या पानांआड हिरवें अंग चोरून लोंबत असते. ती उभ्यानें दिसत नाहीं. मांडवाखालीं वांकून मान वर करावी, तेव्हां सांपडते.

आमच्या परसांतला वेल आत्येनें लावलेला. मृगाचा पाऊस पडतांच तिनें चार बिया पेरल्या आणि बांबूंचा लहानसा मांडव माझ्याकडून घालून घेतला. महिन्याभरानें पिवळीं फुलें आलीं, पण फळ न धरतांच गळूं लागलीं. मी हवालदिल झालों. आत्या हंसून म्हणाली, "अरे, हीं नराचीं फुलं. मादीचं फूल मागून येतं. त्याच्या पाठीशी इवलीशी काकडी आधीच असते." तसेंच झालें. मधमाशा आल्या, आणि आठदहा दिवसांत वीतभर काकड्या मांडवाखालीं दिसूं लागल्या.

एक दिवसाआड सकाळीं आत्या सुरी घेऊन परसांत जाई. थोडा देंठ राखून ती काकडी कापी. ओढून तोडूं देत नसे. मला मात्र पहिली काकडी काढवेना. येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवावी, वितीनें तिची लांबी मोजावी, असा माझा क्रम सुरू झाला. ती जाड झाली, पिवळी झाली. आणि एके दिवशीं लक्षांत आलें कीं, शेंड्याकडचीं कोवळीं फळें बोटाएवढीं होऊन सुकून गळत आहेत. कारण साधें होतें. एका फळांत बी भरूं लागलें कीं वेल आपलें अन्न तिकडे ओततो. नवीं फळें पोसण्याची त्याला निकड उरत नाहीं.

"तुझ्या मायेनं वेल बसवलास बघ," आत्या म्हणाली, आणि लगेच, "मला गावी कधी पोचवतोस?"

हा प्रश्न ती वैशाखापासून विचारीत होती. पाय मोडला म्हणून मीं तिला रत्नागिरीजवळच्या तिच्या घरून आणलें, त्याला दोन वर्षें झालीं होतीं. पाय केव्हांच बरा झाला होता. पण उन्हाळा, पाऊस, दिवाळी, थंडी, कारणें मला कधीं कमी पडलीं नाहींत. ती तिथें एकटी कशी राहील, हें मी जगाला सांगें. ती गेल्यावर या घरांत मी कसा राहीन, हें स्वतःलाहि सांगत नसें.

त्या संध्याकाळीं ती नेहमींप्रमाणें मृत्युंजयमंत्र पुटपुटत होती. पिकलेलें उर्वारुक देंठापासून सुटावें तसें मृत्यूच्या बंधनांतून सुटावें, असें त्यांतलें मागणें. उर्वारुक म्हणजे काकडी, हा अर्थ मला लहानपणापासून पाठ. दुसऱ्या दिवशीं सुरी घेऊन मी त्या पिवळ्या काकडीपाशीं गेलों. देंठ वाळला होता. हात लावतांच ती अलगद ओंजळींत आली. सुरी तशीच राहिली. तोडणें आणि सुटणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें मला तेव्हां समजलें.

गणपतीच्या आधींच मीं आत्येला गांवीं नेलें. धुवट फडक्यांत गुंडाळलेली ती काकडी तिनें सबंध प्रवासांत मांडीवर ठेवली होती. घरीं पोंचल्यावर पाय धुण्याआधीं तिनें ती माझ्याकडून माजघराच्या वाशाला टांगून घेतली. कोंकणांत तवसें असेंच जपतात. परततांना मीं मागें वळून पाहिलें. ती दारांत उभी नव्हती, विहिरीकडे कळशी घेऊन निघाली होती.

दसऱ्याच्या सुमारास टपालानें बियांची एक पुडी आली. वर तिच्या वळणदार अक्षरांत लिहिलें होतें: "मृगात लाव. वेळेवर काढ."