नव्या चेंडूचा माणूस

रंगा सोहोनी यांच्या नावावर कसोटी क्रिकेटमध्ये दोन बळी आहेत. चार सामने, ८३ धावा, दोन बळी. आकडे वाचणारा माणूस पुढच्या नावाकडे वळतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. मला मात्र या गोलंदाजाविषयी फार आपुलकी वाटते. ती का वाटते याचा विचार करू लागलो की ते पहिली कसोटी खेळले त्या मँचेस्टरच्या आधी धुळ्याचं गरुड मैदान डोळ्यांपुढे येतं.

क्रिकेटच्या नकाशात खानदेश महाराष्ट्राच्या संघात मोडतो. मुंबईचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा. जळगाव-धुळ्याच्या पोराची वाट जिल्हा संघातून पुण्याला जाते. म्हणून सोहोनी ज्या संघातून खेळले तो आमचाच संघ. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं या संघाने रणजी करंडक जिंकला. कर्णधार होते संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर. पुढच्या ऐंशी वर्षांत तो करंडक महाराष्ट्राकडे पुन्हा आला नाही. त्या दुसऱ्या मोसमात सोहोनींनी ६५५ धावा काढल्या.  शिवाय मध्यमगती गोलंदाजी होतीच. प्रथम श्रेणीत त्यांनी एकूण २३२ गडी बाद केले. पुढे ते मुंबईकडून खेळले, आणि १९५३-५४ मध्ये मुंबईने रणजी जिंकली तेव्हा कर्णधार तेच होते.

हे सगळं करून ते सरकारी नोकरीत वर्ग एकचे अधिकारी होते. दिसायला इतके देखणे की व्ही. शांताराम यांनी चित्रपटात भूमिका देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली. पडदा नको म्हणणाऱ्या या माणसाने उन्हातान्हात, दुसऱ्याने धावा काढाव्यात म्हणून सपाट केलेल्या खेळपट्ट्यांवर चेंडू टाकणं पसंत केलं, याचं मला विशेष वाटतं. त्या वेळच्या पुण्याची खेळपट्टी कशी होती पाहा: १९४० सालच्या सामन्यात महाराष्ट्राने ६७५ आणि मुंबईने ६५० धावा केल्या, आणि आघाडी महाराष्ट्राला मिळाली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या देवधरांनी एकट्यांनी २४६ काढल्या. अशा ठिकाणी मध्यमगती गोलंदाजाच्या हातात असतं काय? चेंडूवरची लकाकी, आणि ती टिकेल तेवढी षटकं.

ती षटकं कशी असतात, हे मी धुळ्याच्या एका माध्यमिक शिक्षकांकडे पाहून शिकलो. त्यांचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. चेंडू हातात आला की दोन बोटं शिवणीच्या दोन्ही अंगांना जवळजवळ चिकटवून ठेवायचे, अंगठा खाली शिवणीवर, आणि शिवण पहिल्या स्लिपकडे किंचित कललेली. धाव छोटी, जेमतेम दहा-बारा पावलं. सगळी करामत मनगटात. चेंडू सुटताना बोटं त्याच्या मागून सरळ खाली यायची, त्यामुळे शिवण हवेत डगमगायची नाही. फलंदाज पाय पुढे टाकायचा आणि शेवटच्या दोन हातांत चेंडू बाहेर पळायचा. पॅन्टच्या उजव्या मांडीवर लाल डाग पडलेला असायचा; सोमवारी शाळेत जाताना पॅन्ट दुसरी.

आमच्याकडे सर्रास म्हणतात, खानदेशची हवा कोरडी, इथे चेंडू हलायचा नाही. मला हे पटत नाही. चेंडूच्या एका बाजूला शिवणीमुळे हवेचा थर खवळतो आणि चेंडूला अधिक काळ चिकटून राहतो. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूला तो लवकर सुटतो. आणि चेंडू शिवण ज्या दिशेला असेल तिकडे ओढला जातो. शास्त्रज्ञांनी वाऱ्याच्या बोगद्यात चेंडू तपासले, तेव्हा नुसत्या दमटपणाने ठळक फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे हवेचा दोष नाही. दोष मैदानाचा. काथ्याची मॅट खिळे ठोकून ताणलेली, भोवती मुरूम आणि भेगाळलेली काळी माती, गवताचं नाव नाही. सीमेपर्यंत चार वेळा जाऊन आला की चेंडू खरवडून निघतो. ते शिक्षक म्हणूनच क्षेत्ररक्षकांना बजावायचे, चेंडू जमिनीवरून फेकू नका, हातात द्या.

स्विंग ही कला वाढली त्यात हौशी खेळाडूंचा वाटा मोठा. फिलाडेल्फियाचा बार्ट किंग हा अमेरिकन गडी बेसबॉलचे डावपेच क्रिकेटमध्ये घेऊन आला आणि १९०८ च्या दौऱ्यात त्याने इंग्लंडमध्ये ११.०१ च्या सरासरीने ८७ गडी बाद केले. तिथल्या सगळ्या गोलंदाजांत सरासरी त्याचीच अव्वल. इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये हौशी खेळाडू ‘जंटलमन’ आणि पैसे घेणारा ‘प्लेअर’, अशी उघड उतरंड होती. ती १९६२ साली मोडली.

या हौशीपणाचे गोडवे गायला मी तयार नाही. हौस परवडावी लागते. पळवणकर बाळू पुण्यातल्या इंग्रजांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखायचे आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी संघात त्यांना मानाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. त्यांची जात आड आली. त्यांना हौशी कोण म्हणणार? सोहोनींना पगार होता, पदवी होती, म्हणून त्यांचा खेळ निर्मळ राहू शकला. आमच्या शिक्षकांना किरकोळ रजेचा अर्ज होता. जिल्ह्याचा सामना नाशिकला किंवा पुण्याला लागला की आधी मुख्याध्यापकांची सही, मग एसटीचं तिकीट, आणि गेल्यावर नवा चेंडू आपल्याला मिळेल की नाही याची धाकधूक. तरी ते जायचे. मला मोठं वाटतं ते हे जाणं.

सोहोनींचा पहिलाच कसोटी सामना १९४६ चा मँचेस्टरचा. भारताला जिंकायला २७८ हव्या होत्या आणि नऊ गडी बाद झाले होते. खेळायला उरली होती तेरा मिनिटं, आणि मैदानात सोहोनी व यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर. दोघे उभे राहिले, नऊ बाद १५२ वर सामना अनिर्णित सुटला. ज्याचं काम गडी बाद करणं, त्याच्या कसोटी कारकिर्दीतला सगळ्यांत लक्षात राहणारा प्रसंग स्वतः बाद न होण्याचा आहे.

हे आपल्याला माहीत आहे, कारण कसोटीची आणि रणजीची धावपत्रकं छापली गेली, जपली गेली. आमच्या शिक्षकांनी किती गडी बाद केले, हे कुणाला सांगता येणार नाही. जिल्ह्याच्या सामन्यांची स्कोअरबुकं लांबट, कापडी पाठीची असायची. पेन्सिलीने भरलेली, चहाचे डाग पडलेली. क्लबचा चिटणीस बदलला की ती नव्या चिटणीसाच्या माळ्यावर, आणि तो गाव सोडून गेला की रद्दीत. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, कुठेही कुणाच्या घरी असं एखादं बाड पडून असेल, तर ते रद्दीवाल्याला देण्याआधी गावच्या वाचनालयात नेऊन द्या. गोलंदाजीची पानं बहुधा शेवटी असतात. ती फाटलेली असली तरी द्या.