जामीनदार पगारदार पाहिजे



राळेगणसिद्धीला आम्ही आतापर्यंत पाच वेळा गेलो आहोत. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाणच्या फाट्याला आत वळायचे, नाला बांध पाहायचे, पाझर तलाव पाहायचा, गटाचा फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत परत. सोबत दरवेळी एखादा बचत गट किंवा वीस-पंचवीस पोरेपोरी असतात, कारण आम्ही ज्या प्रकल्पावर काम करतो त्याच्या अहवालात 'आदर्श गाव अभ्यास दौरा' असा एक रकाना आहे आणि तो भरावा लागतो.

मागच्या दौऱ्यात आमच्याच गाडीतून आलेल्या एका व्याख्यात्यांनी मुलांना झाडाखाली बसवून सांगितले की नोकरीच्या मागे धावू नका, स्वतःचे काही तरी सुरू करा, हे गाव बघा, कोणाची नोकरी न करता कसे उभे राहिले. मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, "सर, ज्याच्याकडं जमीनच नाही त्यानं पाणी अडवून काय करायचं?" सर हसले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. तिचा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो, कारण त्या आठवड्यात आमच्या घरातही हाच वाद चालला होता.

आम्ही दोघे भावंडे. एकीने समाजशास्त्रात एम.ए. केले आणि सामाजिक संस्थांच्या प्रकल्पांवर अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काम करत पस्तिशी गाठली. एकाने आयटीआयला वेल्डरचा ट्रेड केला आणि सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीवर लागला. सहा वर्षे तेच मशीन, तेच काम, पण दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन नवा गेट पास. शेजारी उभा राहून तेच काम करणारा कायम कामगार दुप्पट पगार घेतो. ठेकेदाराच्या माणसाला आरक्षण नाही, बढती नाही, आणि 'उद्यापासून येऊ नको' हे सांगायला कागदही लागत नाही. धाकट्याचे म्हणणे साधे होते : "ताई, मी नोकरी सोडत नाहीये. ही नोकरी नाहीच. मी फक्त स्वतःचं मशीन घेतोय."

फाट्यावर एक गाळा भाड्याने मिळत होता. वेल्डिंग मशीन, कटर, ग्राइंडर, ड्रिल, थ्री-फेज जोडणी, गाळ्याचे डिपॉझिट आणि सुरुवातीचे लोखंड धरून चार लाखांचा हिशोब त्याने वहीत मांडला होता. ग्रिल, शटर, गोठ्याचे पत्र्याचे शेड, कांद्याची चाळ, या भागात काम कमी नाही. आईला मात्र हे बिलकूल पसंत नव्हते. तिचे एकच वाक्य : "महिन्याच्या महिन्याला जे येतं तेच आपलं."

आईच्या या वाक्यामागे आमच्या मावशीची टपरी आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावात मावशीने चहा-वड्याची टपरी टाकली होती. चहा चांगला होता, जागा एसटी स्टँडजवळची होती. पहिले दोन महिने धंदा झाला. मग टपरी कोणाची हे गावाला कळले. भांडण नाही, बहिष्काराची भाषा नाही, गिऱ्हाईक फक्त चार पावले पुढे जाऊन दुसऱ्या टपरीवर बसू लागले. ॲट्रॉसिटीची फिर्याद कोणावर करणार? लोक चहा पीत नाहीत हा काही गुन्हा नाही.

बाबासाहेबांच्या वाट्यालाही हेच आले होते. बडोदा संस्थानशी 1913 साली झालेल्या करारानुसार शिष्यवृत्तीच्या बदल्यात त्यांना दहा वर्षे नोकरी करायची होती. 1917 मध्ये ते रुजू झाले, पण कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत आणि राहायला मिळालेल्या पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना हुसकावून लावले. नोकरी सुटली. मुंबईत त्यांनी शेअर व्यवहारांचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि व्यवसाय बंद पडला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस होता तो. तेव्हा 'गुणवत्ता असेल तर बाजार जात विचारत नाही' असे जे सांगतात त्यांनी आधी या दुकानाचा हिशोब द्यावा.

पण कहाणी इथे संपत नाही, आणि आपले लोक ती बहुतेक वेळा इथेच संपवतात. नोव्हेंबर 1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून काटकसर करून शिल्लक टाकली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांची मदत झाली आणि 1920 मध्ये राजीनामा देऊन ते पुन्हा लंडनला गेले. 1923 मध्ये वकिली सुरू केली ती कोणाचे बांधील राहायचे नाही म्हणून. तरीही वकिली बेताची चालत होती त्या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत अर्धवेळ शिकवत होते. म्हणजे स्वतंत्र व्यवसाय त्यांनी कधी कोरड्या विहिरीत उडी मारावी तसा केला नाही. एका हाताने पगार धरून दुसऱ्या हाताने स्वातंत्र्य मिळवले.

आता राळेगणकडे याच नजरेने बघू. अण्णा हजारे 1975 मध्ये सैन्यातली नोकरी संपवून गावी परतले, देवळाच्या दुरुस्तीला स्वतःची पुंजी लावली, पेन्शनवर जगले आणि पूर्ण वेळ गावाला दिला. त्यांच्या कष्टाला आमचा नकार नाही. तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या, तोच अनेकांचा स्वयंरोजगार म्हणायचा! पाणी अडले, चारा झाला, दूध वाढले, माणसे परत शेतीकडे आली. दलित कुटुंबांवरचे बँकेचे कर्ज गावाने त्यांच्या रानात श्रमदान करून फेडले, हेही नोंदलेले आहे आणि ते आम्ही झाकत नाही. पण स्वावलंबी गावाचे जे चित्र दाखवले जाते त्याच्या पायाशी सैन्यातल्या नोकरीची एक पेन्शन आहे, हे कोणताही व्याख्याता सांगत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मुकुल शर्मा या अभ्यासकाने राळेगणवर लिहिताना अण्णांचे म्हणणे नोंदवले आहे. त्याचा आशय असा की गांधीजींच्या कल्पनेप्रमाणे गावात एक चांभार, एक सोनार, एक कुंभार असावा, ज्याने त्याने आपापल्या धंद्याप्रमाणे काम करावे, म्हणजे गाव स्वावलंबी होते. मित्रांनो, हाही स्वयंरोजगारच आहे की! फक्त कोणी कोणता रोजगार करायचा हे जन्माने ठरलेले. आमच्या आजोबांकडेही एक 'कायम' काम होते, वतनाचे. 1874 च्या वतन कायद्याने बांधलेली ती चोवीस तासांची चाकरी, बदल्यात बलुते आणि हाडोळ्याचा तुकडा. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले तेव्हा आपल्यातल्याच अनेकांना वाटले, हातचे जाते की काय. वतने गेली ती 1958 च्या कायद्याने. तेव्हा स्थिर ते चांगलेच आणि स्वतःचे ते स्वतंत्रच, असे डोळे झाकून कोणी आम्हाला सांगू नये. दोन्हींच्या आत जात बसलेली आम्ही पाहिली आहे.

त्या वतनाचा आमच्या कर्जाशीही संबंध निघाला. धाकट्याने बँकेत अर्ज दिला तो पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाखाली. ग्रामीण भागातल्या अनुसूचित जातीच्या अर्जदाराला 35 टक्के अनुदान, स्वतःचे फक्त 5 टक्के, म्हणजे चार लाखांत आपले वीस हजार. अनुदान लगेच हातात मिळत नाही, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकते, पण शेवटी मिळते. बौद्धांना ही सवलत सहज मिळाली असे समजू नका. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर राज्याने सवलती 1960 मध्ये दिल्या, केंद्राने 1990 मध्ये. एवढ्या रकमेच्या कर्जाला कागदोपत्री तारण लागत नाही. व्यवस्थापकांनी चहा पाजला आणि म्हणाले, "तारण नको हो, पण एक जामीनदार द्या. पगारदार पाहिजे."

आम्ही म्हटले, जमीन आहे. सातबारा पाहिला. हाडोळा, नवीन शर्त, अकरा वाटेकरी, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. त्यांनी कागद परत केला.

संध्याकाळी वस्तीत बसून आम्ही मोजले. सत्तावीस घरे. कायम पगार असलेली माणसे तीन. एक एसटीतले, त्यांच्या पगारावर आधीच दोन जामीन. एक अंगणवाडी सेविका, तिचे मानधन बँक पगारात धरत नाही. तिसरे गुरुजी, ते यंदा निवृत्त होतायत. स्वतःच्या पायावर उभे राहायला आधी दुसऱ्या कोणाचा तरी पगार लागतो, आणि तो पगार वस्तीत आणायचा एकमेव मोठा रस्ता होता तो म्हणजे राखीव जागा. 'नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा' ही घोषणा आपल्याला नेमकी कोणत्या काळात ऐकवली जाते हे लक्षात घ्या. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारी पदे बाह्य एजन्सींमार्फत भरण्याचा शासन निर्णय निघाला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. शिडीच काढून घ्यायची आणि वर उडी मारायला सांगायचे. 2005 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या डिक्कीने आपल्या उद्योजकांना उभे केले याचा आम्हाला आनंद आहे, पण सत्तावीस घरांच्या वस्तीतून उद्योजक निघायचा तर त्याच्या शेजारच्या घरात एक शिक्षक, एक कंडक्टर, एक क्लार्क असावा लागतो. चळवळीचेही तेच. 1978 मध्ये उभी राहिलेली बामसेफ कर्मचाऱ्यांच्या वर्गणीवर चालली.

आणि इथे आमची अडचण सुरू झाली. त्याच महिन्यात एका सरकारी खात्याच्या लिपिक पदाच्या निवड यादीत आमच्यातल्या एकीचे नाव लागले. आमचा बेत वेगळा होता. प्रकल्पाची नोकरी सोडून दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून सर्वेक्षण आणि प्रशिक्षणाचे स्वतःचे काम सुरू करायचे, कोणाचे रकाने भरायचे नाहीत. जिल्हाही लांबचा. शिवाय सरकारी नोकराला वर्तणूक नियम असतात. असे लेख लिहिता येणार नाहीत, मोर्चात दिसता येणार नाही. 18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या नोकरदारांबद्दल जी वेदना बोलून दाखवली ती आम्ही शिबिराशिबिरांतून सांगत आलो. आता त्याच रांगेत उभे राहायचे? चार रात्री घरात कोणी नीट बोलले नाही. धाकट्याने एकदाच म्हटले, "ताई, माझ्यासाठी घेऊ नको. तुला पटत असेल तर घे." आई म्हणाली, "दोघांपैकी एकाचं तरी ठरलेलं असू द्या."

आम्ही रुजू होत आहोत. आनंदाने नाही, पण नाइलाजानेही नाही. वस्तीतला चौथा पगार म्हणून. धाकट्याला एक अट घातली आहे, उधारीची. इथे सगळे 'कांद्याची पट्टी आली की देतो' म्हणतात आणि कांदा पडला की पट्टी येत नाही. निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय लोखंड कापायचे नाही. हप्ता साडेपाच हजारांच्या आसपास बसतो. तो त्याच्या गल्ल्यातून गेला पाहिजे, आमच्या पगारातून नाही.

जामिनासाठी बँकेला तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या लागतात. तोवर तो सुप्याला जातोय, रविवारी गाळ्यात जाऊन बसतोय. पाटी अजून रंगवलेली नाही. पेंटरने सुचवले, 'ओम साई फॅब्रिकेशन' करा, कामं जास्त येतात. धाकटा नुसते 'एस. के. फॅब्रिकेशन' म्हणतोय. आईला 'सम्यक' हवे आहे. आम्ही मावशीला विचारले. ती म्हणाली, "आपलंच नाव टाका. कळायचं ते दोन महिन्यांत कळतंच."