कुमाऊंच्या डोंगरात परवडणारं गोल्फ

गोल्फ म्हटलं की आपल्यासारख्या मध्यमवर्गीय माणसाच्या डोळ्यांसमोर काय येतं? टीव्हीवर दिसणारं हिरवंगार मैदान, पांढऱ्या टोप्या घातलेले उद्योगपती आणि लाखांच्या घरातलं क्लबचं सभासदत्व. हा खेळ आपला नाही, असं आपण खेळण्याआधीच ठरवून टाकलेलं असतं.

माझ्या वडिलांनीही तेच ठरवलं होतं. छापखान्यातल्या नोकरीवर ते तीस वर्षं सायकलने गेले. वाटेत एका गोल्फ क्लबची उंच भिंत लागायची. एकदा आतला चेंडू भिंतीवरून रस्त्यावर येऊन पडला. बाबा तो परत द्यायला फाटकापाशी गेले. पहारेकऱ्याने चेंडू घेतला आणि फाटक लावून घेतलं. भिंतीपलीकडे काय आहे, ते बाबांनी कधी पाहिलंच नाही.

म्हणून ऑक्टोबरच्या सुट्टीत राणीखेतला जायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, या वेळी नुसते डोंगर बघायचे नाहीत. गोल्फ खेळायचं." बाबा हसले आणि म्हणाले, "तुम्ही खेळा, मी बाकावर बसेन." माझी दहा वर्षांची मुलगी मात्र तेवढ्यात मनाने मैदानावर पोचलीसुद्धा!

चीड वृक्षांच्या कुशीत

उत्तराखंडातलं राणीखेत हे ब्रिटिशांनी १८६९ मध्ये वसवलेलं छावणीचं गाव. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे सहा हजार फूट. आज इथे कुमाऊं रेजिमेंटचं केंद्र आहे. अल्मोड्याच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर गेलं की उपट हे ठिकाण लागतं. तिथेच लष्कराच्या देखरेखीखालचं नऊ होलचं गोल्फ मैदान आहे. जवळच कालिका देवीचं मंदिर आहे.

मैदान पाहताक्षणी बाबांचे पाय थबकले. मखमली गवताचे चढउतार, कडेला चीड वृक्षांची दाट रांग आणि हवा स्वच्छ असली की क्षितिजावर बर्फाच्छादित शिखरांची माळ. त्यातच त्रिशूल (७,१२० मीटर) आणि नंदादेवी (७,८१६ मीटर). ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पावसाने धुतलेल्या हवेत हे दृश्य सर्वांत स्पष्ट दिसतं.

काठ्या, चेंडू आणि सोबतीला कॅडी असं सगळं भाड्याने घेतलं. काठ्यांचा एकच संच तिघांनी आळीपाळीने वापरला. एखाद्या रविवारी सहकुटुंब हॉटेलात जेवायला जेवढे पैसे जातात, साधारण तेवढ्यातच आमची अख्खी सकाळ गोल्फमध्ये गेली.

आधी शेवट शिका

आमचा कॅडी कुमाऊंचाच तरुण होता. त्याने पहिलाच धडा छान दिला. नवशिक्याने लांबच्या फटक्याने सुरुवात करू नये. आधी होलजवळच्या बारीक कापलेल्या गवतावर चेंडू हळूच ढकलायला शिकावं. होलचा व्यास फक्त सव्वाचार इंच असतो. माझ्या मुलीने चौथ्या प्रयत्नात चेंडू आत घातला आणि टाळ्या पिटल्या.

मग कॅडी बाबांकडे वळला. "बाबूजी, आप भी!" बाबा नको नको म्हणत उठले. पहिले तीन फटके हवेतच गेले. बाबांचा चेहरा उतरला, "हे आपलं काम नव्हे" म्हणून त्यांनी काठी खाली ठेवली. कॅडीने ती पुन्हा त्यांच्या हातात दिली, पकड नीट केली आणि सांगितलं, "ताकद लावू नका, नजर चेंडूवर ठेवा." चौथा फटका बरोबर लागला. या उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे चेंडू थोडा लांबच जातो. बाबा तो उतारावरून घरंगळत थांबेपर्यंत बघत राहिले. मग कॅडीला थांबवून चेंडू आणायला स्वतःच निघाले.

परतताना त्यांना झाडांखाली कुणाचातरी हरवलेला चेंडू सापडला. तो त्यांनी लगेच कॅडीपुढे धरला. कॅडी म्हणाला, "ठेवून घ्या बाबूजी, आठवण म्हणून." बाबा काही बोलले नाहीत. चेंडू त्यांनी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

नैनितालचं शाही मैदान

राणीखेतहून सुमारे ६० किलोमीटरवर नैनिताल. ब्रिटिश काळात ही संयुक्त प्रांताची उन्हाळी राजधानी होती. इथलं राज्यपालांचं निवासस्थान गॉथिक शैलीतलं आहे. मुंबईचं आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस साकारणारे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्याच नावावर या इमारतीचा आराखडाही आहे. आवारात जंगलाने वेढलेलं १८ होलचं गोल्फ मैदान आहे. ठराविक शुल्क भरून इथे पर्यटकांनाही खेळता येतं. मैदान चढउताराचं आणि अरुंद आहे, त्यामुळे इथे ताकदीपेक्षा नेमकेपणा कामाला येतो. ज्यांना खेळायचं नसेल, त्यांनी परवानगी घेऊन परिसर जरूर पाहावा.

जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

• दिल्लीहून राणीखेत एक्सप्रेस रात्रभरात काठगोदामला पोचवते. नाव राणीखेत असलं तरी रूळ काठगोदामलाच संपतात! पुढे मोटारीने नैनिताल सुमारे ३५, तर राणीखेत सुमारे ८० किलोमीटर आहे.

• एप्रिल ते जून आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात.

• एक मैदान लष्कराचं, तर दुसरं राज्यपालांच्या आवारातलं. त्यामुळे त्या दिवशी ते पर्यटकांना खुलं आहे का आणि शुल्क किती, याची आदल्या दिवशीच चौकशी करा. ओळखपत्र जवळ असू द्या.

• सपाट तळव्यांचे कापडी बूट आणि कॉलरचा शर्ट घाला. गवतावर डबे उघडून बसू नका, त्यासाठी बाहेर भरपूर जागा आहे.

• कुणी फटका मारत असेल तेव्हा गप्प उभं राहा. मुलांना काठीच्या टप्प्यापासून दूर ठेवा.

• उंचीवर दम लवकर लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना सगळे होल खेळायला लावू नका, तीन-चारही पुरेत.

घरी आल्यावर बाबांनी तो चेंडू टीव्हीशेजारी ठेवला आहे. आल्यागेल्याने विचारलं की ते सांगतात, "राणीखेतला खेळलो." 'पाहिलं' नव्हे, 'खेळलो'. पुढच्या सुट्टीचा बेत आखताना तुमच्या घरातल्या बाकावर बसू पाहणाऱ्या माणसालाही एकदा विचारून पाहा.