सेवा ही सुनेची वेठ नव्हे

आमच्या वडिलांना पार्किन्सन होऊन सात वर्षं झाली. डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा, पाच मिनिटं भेटतात. बाकीचे दिवस आई आणि वहिनीच्या अंगावर. लेव्होडोपाची गोळी उशिरा गेली की पाय जमिनीला चिकटतात. पाणी पिताना ठसका लागतो. ते फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया. कसं भरवायचं, कूस किती वेळाने बदलायची, हे आम्हाला कुणीच शिकवलं नाही.

इंग्लंडमध्ये पार्किन्सनसाठी खास नर्स असतात. त्या औषधाच्या वेळा बसवून देतात, सांभाळणाऱ्यांचंही ऐकून घेतात. आपल्याकडे ‘सेवा हा सुनेचा धर्म’ म्हटलं की शासन मोकळं! (हा धर्म मुलाला कधी लागू होत नाही, हेही बघा.)

१९२८ साली प्रसूती लाभ विधेयकावर मुंबई विधिमंडळात बोलताना बाबासाहेबांनी बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार बराचसा सरकारने उचलावा, असं मांडलं होतं. मग आजाऱ्याचा भार एकट्या बाईवर का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन आहे, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद आहे. भत्ता मागूच, पण प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात घरी येणारी प्रशिक्षित नर्सही मागू.